जुन्या घराच्या मालातून नवं घर: पहिल्यांदाच बांधणाऱ्यांसाठी

सकाळी जेसीबी येतो, संध्याकाळपर्यंत घर सपाट होतं, आणि दुसऱ्या दिवशी डंपर सगळा राडारोडा उचलून गावाबाहेरच्या ओढ्याच्या कडेला ओततो. तालुक्याच्या गावांत जुनी घरं आज बहुतेक अशीच पाडली जातात. त्या डंपरमधून चुन्यातल्या पक्क्या विटा जातात, सागवानी चौकटी जातात, घडीव दगड आणि मंगलोरी कौलं जातात. मग पंधरवड्यानं त्याच प्लॉटवर नव्या विटा, नवी खडी आणि भरावाचा मुरूम विकत येतो. म्हणजे माल बाहेर न्यायचं भाडंही आपलं आणि माल आत आणायचं भाडंही आपलंच.

तळमजला किंवा फार तर वर एक मजला, असं आरसीसी (आत लोखंडी सळई घातलेल्या काँक्रीटचं) घर जुन्या जागेवर बांधणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अपार्टमेंटच्या पुनर्विकासाचा हिशेब वेगळा, तो इथे नाही. सगळ्या लेखाचा रोख एकाच गोष्टीवर आहे: एकत्र मिसळलं की तो राडारोडा आणि वेगळं ठेवलं की तो माल. त्यामुळे खरे निर्णय पाडण्याच्या आधी घ्यायचे असतात. पाया खणताना पर्यावरणाची आठवण झाली तर फार उशीर झालेला असतो.

पहिली पायरी: पाडण्याआधी यादी

गवंडी आणि सुतार दोघांनाही बरोबर घेऊन घरभर फिरा. सुताराला लाकूड दिसतं, गवंड्याला भिंत. पाडणाऱ्या ठेकेदाराला यादीसाठी बोलावू नका. त्याचा हिशेब ट्रिपा किती होतील एवढाच असतो.

वहीत चार रकाने आखा: वस्तू, किती, नव्या घरात कुठं वापरणार, आणि वापरायची नसेल तर कुठं जाणार. चौथा रकाना रिकामा ठेवायचा नाही. लाकूड घनफुटात मोजा, दगड आणि भराव ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), विटा आणि कौलं नगावर.

भिंत कशात बांधली आहे हे याच फेरीत पाहून घ्या. दोन विटांच्या सांध्यात खिळा खुपसून फिरवा. मऊ तपकिरी भुगा पडला तर सांधा मातीचा. पांढरी पूड खरवडून आली तर चुना. खिळा नुसता घसरला आणि करडा ओरखडा उठला तर सिमेंट. या एका खुणेवर तुमच्या विटांचं पुढचं सगळं ठरतं. माती आणि चुन्यातली वीट हलक्या ठोक्यानं सुटी होते. सिमेंटातली वीट मात्र आधी फुटते, सांधा नंतर सुटतो. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या घराची भिंत बहुधा सिमेंटातच असते. तिथल्या विटा अख्ख्या मिळतील ही आशा सोडा आणि त्या सरळ तुकड्यांच्या हिशेबात धरा.

ही वही इंजिनिअरकडे नकाशा काढायच्या आधी गेली पाहिजे. नकाशा झाल्यावर ‘हा जुना दरवाजा कुठं बसतो का बघा’ म्हटलं की तो कुठंच बसत नाही. उंची चार इंचांनी कमी भरते, रुंदी जास्त होते आणि दरवाजा शेवटी गोठ्यात जातो. आधी दरवाजा सांगितला तर लिंटेलची (दारावरच्या आडव्या पट्टीची) उंची त्याप्रमाणे धरता येते.

दुसरी पायरी: पाडण्याची बोलणी

पाडण्याचे सौदे साधारण दोन तऱ्हांचे होतात. ‘माल तुमचा, घर पाडून प्लॉट साफ करून द्या’ या तऱ्हेत ठेकेदार लाकूड, लोखंड आणि विटा विकून आपले पैसे काढतो. घरात चांगलं सागवान असेल तर उलट तोच तुम्हाला पैसे देतो. दुसऱ्या तऱ्हेत मजूर रोजानं लावायचे आणि माल आपण ठेवायचा. कागदावर पहिला सौदा स्वस्त दिसतो. पण त्यानं नेलेल्या मालाची बाजारातली किंमत आणि तोच माल नवा घेण्याचा खर्च हे दोन्ही आकडे वहीत मांडल्याशिवाय हो म्हणू नका.

मधला मार्गही निघतो. लोखंड, पत्रे, जुनी वायर आणि नळ त्याचे. लाकूड, दगड, विटा आणि कौलं तुमची. असं ठरलं तर साध्या कागदावर का होईना, लिहून सही घ्या. विटा साफ करण्याचं काम रोजावर न देता नगावर द्या. रोजावर दिलं तर दिवस वाढतात आणि उक्तं दिलं तर विटा फुटतात. साफ केलेल्या अख्ख्या विटेमागे पैसे ठरले की मजूर स्वतःच जपून हात चालवतात.

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषदेला कळवणं, वीजमीटर काढून घेणं आणि पाण्याचं कनेक्शन बंद करणं ही कामं आधी उरका. शेजाऱ्याबरोबर सामाईक भिंत असेल तर इंजिनिअरनं ती पाहिल्याशिवाय हातोडा लावायचा नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. बांधकामाच्या कचऱ्यासाठी देशभर वेगळे नियम पहिल्यांदा २०१६ मध्ये आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा-मसाला आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक असे चार भाग वेगळे ठेवणं त्यांनी बंधनकारक केलं. २०२५ मध्ये अधिसूचित झालेले नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू, आणि त्यातली मोठी जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. तुमचं घर त्यात येत नाही. रस्त्याकडेला किंवा ओढ्यात राडारोडा टाकण्याची मुभा मात्र यातल्या कुठल्याच नियमात नाही.

तिसरी पायरी: उतरवण्याचा क्रम

घर ज्या क्रमानं बांधलं त्याच्या उलट क्रमानं ते उतरवायचं. आधी वायरिंग, नळ, खिडक्या-दारं. मग कौलं, त्याखालच्या रिपा आणि वासे. मग तुळया, कडीपाट. मग भिंती वरून खाली, थराथरानं. शेवटी जोत्याचे दगड. जेसीबीला बोलवायचंच असेल तर ते जोत्यासाठी आणि जुन्या स्लॅबसाठी बोलवा.

छपरावर सिमेंटचे जुने पन्हाळी पत्रे असतील तर इथे थांबा. त्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले की बाहेर येत नाहीत. पत्रा फोडायचा नाही, कापायचा नाही, वरून खाली फेकायचा नाही. पाणी मारून ओला करा, बोल्ट सोडवून अख्खा उतरवा, मजुरांना चांगले मास्क द्या. उतरवलेले पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून बाजूला ठेवा आणि घातक कचरा कुठं द्यायचा ते नगरपरिषदेला विचारा. ‘गोठ्यावर टाकू’ किंवा ‘तुकडे भरावात घालू’ हे दोन्ही सल्ले हमखास मिळतात. दोन्ही ऐकू नका.

जुन्या ऑइलपेंटचंही असंच आहे. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएमवर (दहा लाख भागांत ९० भाग) आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं हे धरूनच चाला. चौकटीवरचा असा रंग ग्राइंडरनं कोरडा उडवू नका. लाकूड ओलं ठेवून खरवडा, आणि घरात लहान मूल असेल तर हे काम अंगणातही नको.

चौथी पायरी: ढीग

प्लॉटवर जागा नसते ही सगळ्यांची अडचण. शेजारचा रिकामा प्लॉट दोन महिन्यांसाठी मागून घ्या, तेवढं भाडं वसूल होतं. ढीग असे लावा: अख्ख्या विटा, विटांचे तुकडे, घडीव दगड, साधा दगड, काँक्रीटचे तुकडे, लाकूड, कौलं, माती. पीओपी, जिप्समची छतं आणि प्लास्टिक यांचा ढीग सगळ्यांपासून लांब. जिप्सममधलं सल्फेट सिमेंटच्या कामात गेलं तर काँक्रीट फुगून तडकतं, म्हणून त्याचा कणही तुकड्यांच्या ढिगात नको.

लाकूड जमिनीवर टेकवू नका. खाली दगड लावा आणि प्रत्येक थरामध्ये पट्ट्या घाला, म्हणजे वारा खेळतो आणि वाळवी चटकन लागत नाही. कौलं आडवी रचली की खालची फुटतात. ती उभी, किंचित कलती ठेवा.

पाचवी पायरी: कुठला माल कुठं

विटा. दोन विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर वीट ठेवा. भद्द आवाज आला तर ती तुकड्यांत. लोणा लागलेल्या विटा, म्हणजे पांढरी खारट पूड सुटलेल्या, जोत्याजवळच्या आणि जुन्या मोरीच्या भिंतीतून निघतात. त्या कितीही पक्क्या वाटल्या तरी नव्या भिंतीत घेऊ नका. लोणा नव्या गिलाव्यातून बाहेर येतो, आणि दरवर्षी रंग द्यायची पाळी आपल्यावर.

आरसीसीच्या घरात भार कॉलम-बीम पेलतात आणि भिंत नुसती आडोसा असते, त्यामुळे चांगली जुनी वीट तिथे बिनधास्त चालते. एक पथ्य मात्र पाळा. जुनी आणि नवी वीट एकाच भिंतीत नको. जुन्या वाड्यांच्या विटा चपट्या असतात. थर जुळवायला गवंडी मसाला जाड भरतो आणि वाचवलेले पैसे सिमेंटमध्ये जातात. एक पूर्ण भिंत जुन्या विटांची, दुसरी पूर्ण नव्या विटांची. उरलेल्या कंपाउंडला.

तुकडे म्हणजे कचरा असं वाटतं, पण पुण्या-मुंबईचे वॉटरप्रूफिंगवाले ते पैसे मोजून घेतात. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा (गळती रोखणारा उताराचा थर) विटांच्या तुकड्यांचाच असतो. तुकडे आधी पाण्यात भिजवायचे, स्लॅबवर उताराप्रमाणे लावायचे, सांधे वॉटरप्रूफिंग पावडर घातलेल्या मसाल्यानं भरायचे, आणि वर गुळगुळीत थर देऊन पाणी साठवून ठेवायचं. उतार शंभर फुटांना एक फूट तरी हवा. कोब्याचं वजन स्लॅबच्या डिझाइनमध्ये धरलंय ना, एवढं इंजिनिअरला आधी विचारा. बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला भरावही याच तुकड्यांचा करता येतो.

काँक्रीट. जुन्या स्लॅबचे तुकडे मुठीएवढे फोडून घेतले की जोत्याखालच्या सोलिंगला (दगड बसवून केलेल्या थराला) ते दगडासारखेच बसतात. त्यांची खडी करून काँक्रीटमध्ये वापरायची का? भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत याची मुभा आहे: एम-१५ पेक्षा हलक्या काँक्रीटमध्ये १०० टक्क्यांपर्यंत, साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के आणि आरसीसीत एम-२५ पर्यंत २० टक्के (एम-१५, एम-२५ हे काँक्रीटच्या ताकदीचे दर्जे). माझं मत विचाराल तर घरगुती कामात आरसीसीच्या वाटेला जाऊ नका. जुन्या खडीला चिकटलेला मसाला पाणी पितो. मिक्सरवर ते पाणी मोजून सांभाळणारं कुणी नसतं, आणि कॉलम ही प्रयोगाची जागा नाही. फुटिंगखालची (कॉलमच्या पायाखालची) १:४:८ ची पीसीसी, म्हणजे एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी असं बिनसळईचं काँक्रीट, फरशीखालचा थर, अंगणातला रस्ता इथे ती खुशाल वापरा, फक्त मिसळण्याआधी भिजवून घ्या.

शहराजवळ असाल तर उरलेलं काँक्रीट प्रक्रिया केंद्रावर द्या. पुण्याचं केंद्र वाघोलीला आहे, पिंपरी-चिंचवडचं मोशीला. अशा केंद्रांत राडारोडा दळून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक होतात.

माती. मराठवाड्यातलं आणि सोलापूरकडचं माळवदाचं (मातीच्या सपाट छताचं) घर पाडलं की पांढरीच्या मातीचा डोंगर उभा राहतो. जोत्यात ती भरू नका, शेतावर न्या. शेतकरी पूर्वीपासून ती खत म्हणून टाकत आलेत. काळी माती तर जोत्यात अजिबात नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि फरशी उचलते. भरावाला मुरूम, दगडाचा चुरा आणि विटांची बारीक भुकटी एकत्र चालते. सहा ते आठ इंचांचा एक थर, पाणी, धुम्मसानं चोपणं, मग पुढचा थर. एकदम तीन फूट भरून वरून पाणी सोडलं तर पुढच्या वर्षी फरशी बसते. लाकडाचा एकही तुकडा भरावात जाऊ देऊ नका, वाळवीला ते आमंत्रण असतं.

लाकूड. तुळईला हातोडीनं ठिकठिकाणी ठोका आणि पोकळ आवाज येईल तिथे खडूनं खूण करा. भिंतीत गेलेली टोकं बहुधा कुजलेली असतात. ती कापली की मधलं सागवान अनेकदा नव्यापेक्षा सरस निघतं. कापायला नेण्याआधी सगळे खिळे काढा आणि लोहचुंबक फिरवून पाहा. एखादा खिळा राहिला तर करवतीचं पातं जातं, आणि सॉ-मिलवाला पुन्हा जुनं लाकूड दारात उभं करत नाही. वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं द्रावण लावून घ्या. तुळईतून चौकटी, कडीपाटाच्या फळ्यांतून कपाटांची दारं, छोट्या तुकड्यांतून जिन्याचा कठडा, असं सुताराला आधीच वाटून द्या.

दगड. घडीव काळा दगड जोत्याच्या दर्शनी बाजूला, साधा दगड सोलिंगला. कोकणात जांभ्याचे चिरे सुटे करून कुंपणाला वापरायची रीत जुनीच आहे, त्यात मी वेगळं काय सांगणार.

लोखंड. जुन्या स्लॅबमधून काढून सरळ केलेली सळई नव्या स्लॅबमध्ये नको, मग मिस्त्री काहीही म्हणो. वाकवून सरळ केलेल्या आणि गंजानं खाल्लेल्या सळईवर भरवसा ठेवता येत नाही. ती भंगारात द्या. जालन्याच्या भट्ट्यांत असं भंगार वितळून त्याच्या नव्या सळया होतात, म्हणजे पुनर्वापर तिथे होतोच. नवी सळई घेताना आयएस १७८६ चा शिक्का आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा.

कौलं. यावर जरा जास्त थांबतो, कारण कौलांची सगळ्यांत वाईट नासाडी होते. १८६५ मध्ये बासेल मिशननं मंगळुरात कौलांचा कारखाना काढला, आणि पुढं त्या किनाऱ्यावरच्या कारखान्यांतून ही कौलं कोकणभर आणि घाटावरही पोचली. छपरावर त्यांची सद्दी संपली असली तरी स्लॅबच्या पोटात त्यांना जागा आहे. केरळमध्ये लॉरी बेकर या वास्तुविशारदानं फिलर स्लॅब रुजवला. त्यामागचा विचार सोपा आहे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते आणि तिथलं काँक्रीट फारसं काम करत नाही. मग त्या भागातलं थोडं काँक्रीट काढून तिथे कौलं घातली तर सिमेंट वाचतं, स्लॅब हलका होतो, आणि दोन कौलांमधली हवा उन्हाळ्यात खोली कमी तापू देते.

करायचं असं. कौलं निवडताना तडा गेलेलं बाजूला काढा, उरलेली धुऊन पाण्यात भिजवा. कोरडं कौल काँक्रीटमधलं पाणी ओढून घेतं. सेंटरिंगच्या (ओल्या स्लॅबला खालून तात्पुरता आधार देणाऱ्या) फळ्यांवर आधी खडूनं सळयांची जाळी आखायची. जाळीचं घर कौलाच्या मापाचं हवं, म्हणजे सळई दोन कौलांच्या मधून जाते आणि तिच्या चारी बाजूंनी काँक्रीट राहतं. प्रत्येक घरात दोन कौलं एकमेकांवर पालथी-उताणी ठेवून पोकळी करायची. भिंत, बीम आणि स्लॅबच्या कडा यांच्याजवळ कौल नाही. तिथे भरीव काँक्रीटच. पंख्याचे हूक आणि लाइटचे पाइप कौलं मांडायच्या आधी ठरले पाहिजेत, नंतर कौल फोडून वाट काढली तर सगळी मेहनत फुकट. काँक्रीट ओतताना बिगारी कौलांवर पाय देतात, म्हणून चालायला फळ्या टाका आणि व्हायब्रेटर कौलाला लागू देऊ नका. सेंटरिंग उतरल्यावर खालून कौलांची नक्षी दिसते. गिलावा नको, नुसते सांधे साफ करून सोडून द्या.

जाळीचं डिझाइन इंजिनिअरनंच करायचं. पाहुण्याच्या घरी बघून आलेल्या मापावर फिलर स्लॅब टाकू नका.

सहावी पायरी: कमी पडेल ते घेताना

जुन्या मालातून सगळं घर होत नाही. नवी वीट घ्यायचीच तर राखेची घ्या. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, पारस, परळी, भुसावळ, एकलहरे अशी औष्णिक वीजकेंद्रं राज्यभर पसरली आहेत, आणि दळलेला कोळसा जळून मागे राहणारी राख हे त्यांचं मोठं ओझं. या राखेतली सिलिका चुन्याशी किंवा सिमेंटशी पाण्यात धरते आणि घट्ट होते, त्यामुळे वीट भाजावी लागत नाही. शेताची सुपीक माती वाचते आणि भट्टीचा धूर टळतो. कोळशावरच्या वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी, भाव जास्त नसेल तर राखेचाच माल वापरावा, असं केंद्र सरकारच्या अधिसूचनेत आहे. नकाशावर ३०० किलोमीटरची वर्तुळं काढून पाहिली तर महाराष्ट्रात फारसं काही बाहेर उरत नाही.

अडचण आहे ती गल्लोगल्ली निघालेल्या कारखान्यांची. काही ठिकाणी राख नावापुरती आणि क्रशरची कच फार. काही ठिकाणी राख भरपूर पण सिमेंट नावाला. पावती बघून हे कळत नाही, वीट बघून कळतं. कारखान्यावर जा आणि वीट कधी पाडली ती तारीख विचारा. राखेच्या विटेला ताकद सावकाश येते. तिला दोन-तीन आठवडे पाणी मिळालेलं असावं आणि त्यानंतर ती वाळलेली असावी. कच्ची वीट भिंतीत गेली की आकसते आणि गिलाव्यावर जिन्यासारख्या तिरक्या चिरा उमटतात. लोक म्हणतात राखेची वीटच वाईट. खरं कारण घाई.

घरी करण्यासारखी परीक्षा अशी. नखानं कोपरा खरवडा, पूड सुटू नये. कमरेएवढ्या उंचीवरून वीट कडक मातीवर सोडा, दोन तुकडे होऊ नयेत. मग एक वीट पूर्ण वाळवून वजन करा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा वजन करा. समजा कोरडी २.९०० किलो भरली आणि ओली ३.३५०. फरक ४५० ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेपंधरा टक्के. नेहमीच्या वापरातल्या विटेसाठी आयएस १२८९४ मध्ये वरची मर्यादा २० टक्के आहे, म्हणजे ही वीट पास. दाबाची ताकद मात्र घरी मोजता येत नाही. पाच विटा जवळच्या पॉलिटेक्निकच्या किंवा इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत द्या आणि ताकदीचा ७.५ चा वर्ग (चौरस मिलिमीटरला ७.५ न्यूटन) मागा. चाचणीची फी एका ट्रॅक्टरच्या भाड्यापुढे काहीच नाही.

राखेची वीट मापाला एकसारखी असते, त्याचा फायदा घ्यायचा तर रॅट ट्रॅप बाँड करून पाहा. हीसुद्धा बेकरनी आपल्याकडे रुजवलेली पद्धत. विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवायची. विटा पाव हिश्श्यानं वाचतात आणि पोकळीमुळे ऊन आत उशिरा येतं. गवंड्यानं आधी केलेलं नसेल तर कंपाउंडच्या भिंतीवर हात बसवू द्या, मग घराला घ्या.

सिमेंटमध्ये तुम्ही नकळत पुनर्वापर करताच. पीपीसी म्हणजे १५ ते ३५ टक्के वीजकेंद्राची राख अर्थात फ्लाय अ‍ॅश घातलेलं सिमेंट. स्लॅग सिमेंटमध्ये पोलाद कारखान्याच्या भट्टीतली मळी (स्लॅग) असते. दोन्ही घराला उत्तम. फक्त सुट्टी राख विकत आणून साइटवर पीपीसीत आणखी मिसळायची नाही. साखर कारखान्याच्या बॉयलरची काळी राख तर मुळीच नाही. तिच्यात न जळलेला कार्बन राहतो. ती वीटभट्टीवाल्यांना द्यावी, ते मातीत मिसळतात.

प्लास्टिक वितळवून केलेल्या विटांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. घराच्या भिंतीला त्या वापरू नका. आग लागली तर भिंत जळते आणि धूर विषारी असतो. प्लास्टिकची खरी जागा डांबरी रस्त्यात आहे. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन यांनी ते करून दाखवलं आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

सातवी पायरी: काम चालू असताना

गवंड्याला नव्या मालाची सवय नसते आणि जुन्या मालाचा कंटाळा असतो. म्हणून पहिल्या दिवशी साइटवर हजर राहा. राखेची वीट रात्रभर बुडवून ठेवायची नाही, लावण्याआधी पाणी शिंपडलं की पुरे. कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे गिलाव्याआधी कोंबडीजाळी मारून घ्या. भिंत झाली की लगेच गिलावा नको, ती वाळू द्या.

पीपीसीच्या कामाला दहा दिवस तरी पाणी हवंच, आयएस ४५६ हेच सांगतं. राख न घातलेल्या साध्या सिमेंटला, म्हणजे ओपीसीला, सात दिवस लागतात, आणि बहुतेक मिस्त्री सगळ्याला सातच मोजतात. सेंटरिंगही पीपीसीत थोडं उशिरा उतरवायचं. सेंटरिंगवाला प्लेटांचं भाडं वाढतंय म्हणून मागे लागेल. इंजिनिअर सांगेल तो दिवस धरा.

फरशी आणि डॅडो (भिंतीच्या खालच्या भागावरच्या टाइल्स) बसवताना कापलेल्या टाइल्सचे तुकडे पोत्यात भरून ठेवायला सांगा, रोज संध्याकाळी स्वतः बघा. गच्चीच्या कोब्यावर चायना मोझॅक याच तुकड्यांचं होतं. फिकट आणि पांढऱ्या रंगाचे तुकडे निवडा, ते ऊन परतवतात. गर्द रंगाचे कडेच्या पट्टीला लावा. तुकडे ओल्या मसाल्यात दाबून सपाट करायचे, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरायचे, वाळायच्या आत वरचा लगदा पुसून काढायचा आणि आठवडाभर पाणी धरायचं. नव्या टाइलचा बॉक्स फोडून तुकडे करायला निघालेला कारागीर दिसला तर आधी त्याला ती पोती दाखवा.